सोबतीचा रकाना

"हिरवं आलंय बघा, डॉक्टर. पोपटागत हिरवं!"

शकुंतला चौगुलेंनी बसायच्या आधीच फोन त्रिशलाच्या टेबलावर ठेवला. त्यांची मुलगी श्रुतिका मागे दारातच उभी राहिली, आपण आलोच नाही अशा चेहऱ्यानं.

त्रिशला मगदूम हुपरीतली फिजिओथेरपिस्ट. चांदीच्या या गावात तिला पेशंटांची वानवा कधी भासली नव्हती. पैंजणांच्या साखळ्या आता यंत्रं विणत असली तरी घुंगरू झाळायचं, म्हणजे ज्योतीवर तापवून जोडायचं, बारीक काम अजून हातानंच व्हायचं. कारागीर जमिनीवर बसायचा, चांदीचा कीस वाया जाऊ नये म्हणून मांडीवर चामडं पसरायचा आणि बुटक्या पाटावर वाकून नाक ज्योतीपाशी न्यायचा. चाळिशीत मान धरायची, पन्नाशीत दोन खांद्यांमधली पाठ फळकुटासारखी व्हायची. पण गेल्या वर्षभरात तिच्याकडे मान न दुखणारी माणसंही यायला लागली होती.

"पोरगा इचलकरंजीचा," शकुंतलाबाई सांगत होत्या. "घरी गेलतो. दोघांनाबी पट्टी लावून बसवलं. चोरून न्हाई, सांगून."

"आणि आधीचा तो रेंदाळचा?"

"त्ये लाल आलं. सोडून दिलं."

"तिथं लाकडी बाक होतं, डॉक्टर," श्रुतिका पहिल्यांदाच बोलली. "ताठ बसून बसून अवघडले. आणि इचलकरंजीला सोफ्यात अशी रुतले, की उठताना आईनं हात दिला."

"तू गप. तोंड खोटं बोलंल, मान न्हाई बोलत."

हे वाक्य पट्टीच्या जाहिरातीतलं होतं. त्रिशलानं नेहमीप्रमाणे समजावलं, की पट्टी दुखण्यासाठी आहे, सोयरीक जुळवण्यासाठी नाही. शकुंतलाबाईंनी नेहमीच्या पेशंटांप्रमाणे मान डोलावली आणि विचारलं, "पण जुळतंय न्हवं?"

पट्टीचं नाव 'सांगाती'. नाण्याएवढी, मऊ, कातडीच्या रंगाची. मान आणि पाठ मिळते तिथे हाताला एक उंचवटा लागतो. त्याच्या थोडी वर ती चिकटवायची. स्नायू काम करू लागला की त्याच्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. ती मोजून स्नायू किती राबतोय हे सांगायचं तंत्र जुनंच होतं. पूर्वी त्यासाठी तारा आणि टेबलभर यंत्र लागायचं. सांगातीनं ते चोवीस तासांचं केलं. मान कोणत्या कोनात आहे तेही ती टिपायची. त्रिशलासारखीला हे वरदान होतं. पेशंट तपासणीच्या खाटेवर असताना कसा असतो, ते तिचा हात सांगे. उरलेल्या दिवसात काय करतो, ते पट्टी सांगे.

घोटाळा झाला तो पुढच्या सुधारणेपासून. एका घरात अनेक जण पट्ट्या लावू लागले. कोणती पट्टी कोणाची यात गोंधळ होऊ नये म्हणून कंपनीनं पट्ट्यांना एकमेकींची चाहूल घ्यायला शिकवलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की आपल्याजवळ आता आणखी एक माहिती जमा होतेय. कोण जवळ असताना कोणाची मान सैल पडते आणि कोण आल्यावर आवळते. ताणानं मानेचे स्नायू आखडतात हे तर कोणीही सांगेल. घरच्यांच्या फोनवर एक नवा रकाना आला. नाव 'सोबत'. सैल तो हिरवा, आवळलेला तो लाल.

सहा महिन्यांत लोक पत्रिकेच्या जोडीनं माना जुळवायला लागले. शाळांनी शिक्षकांचे रकाने मागितले, भागीदारांनी एकमेकांचे. सासू-सुनांनी काय केलं ते सांगायला नको.

त्रिशला या सगळ्याला हसायची. आपल्या घरचा रकाना उघडेपर्यंत.

*

घरात तिघं. त्रिशला, तिचा नवरा सन्मती आणि सासरे देवगोंडा मगदूम, म्हणजे आप्पा. सन्मती पैंजणांचे नमुने घेऊन महिन्यातले निम्मे दिवस परराज्यात. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. आप्पा सत्तरीला टेकले होते, पण सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, खोलीत त्यांचा पाट अजून मांडलेला होता. गावात त्यांच्यासारखं घुंगरू झाळणारा दुसरा नाही, हे लोक म्हणत आणि आप्पा अमान्य करत नसत.

मान त्यांचीही धरली होती. उजव्या हातात कळ यायची. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली चकती जराशी सरकून नसेला टेकत होती. त्रिशलानं त्यांना सांगाती लावली, घरच्या बाकीच्यांनीही लावून घेतली, आणि उपचार सुरू केले. उताणं झोपून हनुवटी अलगद आत घ्यायची, खांद्याची पाती मागे आवळायची, तासातासानं पाटावरून उठायचं. उंच टेबल मात्र आप्पांनी साफ नाकारलं. "कीस उडून जातो. चांदी काय वाऱ्यावर सोडू?"

ती क्लिनिकमधून घरी आली की पहिल्यांदा त्यांच्या दारात थांबायची. "आप्पा, हनुवटी!"

"घेतली की आत."

"खांदे!"

"अगं, पाडले खाली. जा आता, च्या ठेव."

हे रोजचं. तिला यात माया वाटायची. आप्पांना काय वाटतं, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

एका संध्याकाळी सन्मतीनं जेवताना फोन पुढे सरकवला. "हे बघितलंस का?" आप्पांच्या सोबतीच्या रकान्यात सन्मतीपुढे पिवळा ठिपका होता. आप्पा मध्यंतरी एका लग्नासाठी पुण्याला धाकट्या मुलाकडे आठवडाभर राहून आले होते. त्या अभिनंदनपुढे हिरवा. त्रिशलापुढे लाल. नुसता लाल नाही. तिच्या येण्याआधीच, बाहेर फाटक वाजल्यापासून मान आवळत होती आणि ती खोलीतून गेल्यावर हळूहळू सैल पडत होती.

"मशीन आहे," सन्मती म्हणाला. "एवढं काय घेतेस मनाला?"

"मी कुठं काय घेतलं?"

"तोंड बघ आरशात."

"तू माझी पट्टी बघ, तोंड कशाला बघतोस?" असं म्हणून ती ताट घेऊन उठली.

रात्री तिनं स्वतःशी हिशोब मांडला. सासूबाई गेल्यापासून या माणसाचं खाणं, औषध, अंथरूण, मान सगळं आपण पाहिलं. आणि फाटक वाजलं की त्याच्या अंगावर काटा येतो. पट्टीवर तिचा विश्वास होता. रोज पन्नास जणांना ती त्याच आकड्यांवरून उपचार सांगत होती. दुसऱ्यांच्या माना खऱ्या आणि आपल्या घरातली खोटी, असं कसं म्हणणार?

ती भांडली नाही. बाजूला झाली. फाटक न वाजवता उघडायला लागली. चपला बाहेर काढून अनवाणी मागच्या दारानं आत जायची. चहा कामवाल्या बाईंच्या हाती पाठवायची. व्यायामाचं विचारणं बंद केलं. दोनदा आप्पांनी हाक मारली, "त्रिशला आली व्हय?" आणि बाईंनीच आतून उत्तर दिलं.

रकाना सुधारला. दोन-चार दिवसांतच आप्पांचा अख्खा दिवस हिरवा दिसू लागला.

रकाना सगळ्या कुटुंबाला दिसत होता. महिना होत आला तेव्हा अभिनंदनचा पुण्याहून फोन आला. "वहिनी, राग मानू नका. आप्पांना इकडे न्यावं म्हणतोय. कायमचं. माझं म्हणणं नाही हं, पट्टीचंच आहे. इथं होते तेव्हा आठ दिवस मान एकदा लाल झाली नाही त्यांची. तिकडेही तुम्ही लांब राहता तेव्हा बरे असतात. तुम्हाला तरी किती त्रास?"

"त्यांचा पाट?"

"या वयात कशाला पाट? आराम करू दे ना त्यांना."

येत्या रविवारी गाडी घेऊन येतो, असं त्यानं सांगितलं. सन्मती म्हणाला, तू डॉक्टर आहेस, तू म्हणशील तसं करू. त्रिशला म्हणाली, न्या.

*

शुक्रवारी दुपारी ती जेवायला घरी आली, तेव्हा सोप्यातून काहीतरी खणखणलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा आवाज आल्यावर ती ठरवलेलं विसरून दारात गेली.

आप्पा जमिनीवर चाचपडत होते. चिमटा पडला होता. उचलला, पुन्हा पडला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटत होती, पण धरत नव्हती.

"किती दिवस चाललंय हे?"

"कुठं काय? घामानं निसटला."

"आप्पा, खुर्चीवर बसा."

तिनं आपला बाहेरचा आवाज काढला होता, पेशंटांचा. आप्पा निमूट उठले. तिनं बोटांच्या टोकांना कापूस लावून पाहिला. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला स्पर्श बोथट लागत होता. मनगट वर उचलायला लावून तिनं ते खाली दाबलं. डावं टिकलं, उजवं लगेच नमलं. मान मागे नेऊन उजवीकडे कलवली आणि डोक्यावर अलगद दाब दिला. आप्पांनी दात आवळले.

"कळ कुठवर गेली?"

"कोपरापातूर. अंगठ्यात मुंग्या."

पायांवर हातोडी मारून पाहिली, सोप्यात एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालवलं. चाल नीट होती. मज्जारज्जूवर दाब नव्हता, एवढं एक बरं. पण महिन्यापूर्वीपेक्षा नस जास्त चिरडत होती, यात शंका नव्हती. आणि महिनाभर रकाना हिरवा होता.

तिनं त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं आणि मागे उभी राहिली. दोन्ही खांद्यांखाली हात ठेवले, तसा आप्पांचा कणा कोणी न सांगता सरळ झाला. हनुवटी आत गेली. खांदे खाली आले. शेजारच्या टेबलावर तिचा फोन उघडा पडला होता. त्यावरचा ठिपका तिच्या डोळ्यांदेखत हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल.

तिनं हात काढून घेतले. बोलायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. "माझा हातसुद्धा सोसत नाही का तुम्हाला?"

"आँ? ठेव की हात. आत्ता कुठं मुंग्या जरा कमी आल्या."

त्रिशला जागच्या जागी थांबली. मुंग्या कमी. ठिपका लाल.

"आप्पा, खरं सांगा. कमी आल्या?"

"खोटं सांगून मला काय चांदी मिळणार हाय?"

"पाटावर बसा. नेहमी बसता तसं. मी नाही असं समजा."

"तू नसल्यागतच हायस महिनाभर," आप्पा पुटपुटले आणि पाटावर बसले. चामडं ओढलं, घुंगरू चिमट्यात धरलं आणि वाकले. मान पुढे गेली, मग खाली गेली, अगदी हनुवटी छातीशी येईपर्यंत. ठिपका पिवळा झाला, हिरवा झाला, आणि हिरवाच राहिला. थोड्या वेळानं चिमटा पडला.

मान पुढे वाकू लागली की तिला मागून आवरून धरायला स्नायू जोर लावतात. पण मान पूर्ण खाली गेली की एका टप्प्यानंतर ते काम सोडून देतात. डोक्याचा सगळा भार मग मणक्यांना बांधणाऱ्या चिवट बंधांवर लोंबकळतो, खुंटीला टांगलेल्या झोळीसारखा. स्नायूतली वीज जवळजवळ नाहीशी होते. तो सुखात नसतो. त्यानं फक्त हात वर केलेले असतात. दुखऱ्या मानांत हे नेहमीच असं दिसतं असं नाही, पण आप्पांच्यात दिसत होतं. त्रिशला हे शिकली होती. परीक्षेत तिनं यावर अख्खं पान लिहिलं होतं. कंपनीच्या रकान्याला मात्र एकच ठाऊक होतं, वीज नाही म्हणजे शांत.

कोनाचा आलेख उपचार करणाऱ्यांच्या पानावर असतो. दुसऱ्या कुठल्याही पेशंटसाठी तिनं तोच आधी उघडला असता. आप्पांसाठी ती महिनाभर घरच्यांचं रंगीत पान पाहत होती, सून म्हणून. आता तिनं कोन उघडला. हिरवं असेल तिथे तिथे मान पार वाकलेली. पुण्याचे आठ दिवस सोफ्यात रुतून, छातीवर हनुवटी. लाल असेल तिथे तिथे मान सरळ. आणि ती सरळ होत होती फाटक वाजल्यापासून, त्रिशला खोलीबाहेर जाईपर्यंत.

तिनं सांगितलेला व्यायाम आप्पा दिवसातून तेवढाच करत होते. आणि तो तिनं चपला काढून बंद पाडला होता.

*

रविवारी अभिनंदन आला. बरोबर बायको आणि आप्पांसाठी नवी उशी. चहा झाल्यावर त्यानं फोन काढून हिरवा महिना सगळ्यांना दाखवला. त्याच्या बोलण्यात कुठे विखार नव्हता. त्याला खरंच वडील हवे होते.

"भाऊजी, तुमची पट्टी आहे ना मानेवर?" त्रिशलानं विचारलं. "जरा सोफ्यात मागं रेला. अजून. आता फोन पोटावर धरून बघा."

"हे काय?"

"दोन मिनिटं. तोवर एक सांगते. आप्पांना मी पाठवणार नाही."

अभिनंदननं मान तशीच ठेवून डोळे वर केले. "वहिनी, तुम्हीच हो म्हणाला होता! मी रजा काढली, खोली रंगवून घेतली. हा काय खेळ आहे?"

"चिडलात?"

"चिडणार नाही तर काय करणार?"

"मान उचलू नका. रकाना बघा. माझ्या नावापुढचा."

त्यानं पाहिलं. त्याच्या बायकोनंही वाकून पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अहो, हिरवा! वहिनींवर एवढं प्रेम?"

सन्मती मोठ्यानं हसला. अभिनंदन ताठ उठून बसला, आणि ठिपका लाल झाला. मग तोही ओशाळं हसला.

त्रिशलानं कोनाचा आलेख दाखवला, चिमट्याचं सांगितलं, सोमवारी कोल्हापूरला एमआरआय ठरवलाय तेही सांगितलं. हाताची ताकद आणखी उतरली तर सर्जनला दाखवावं लागेल, हेही लपवलं नाही. मग म्हणाली, "यातून त्यांना मी आवडते असं सिद्ध होत नाही. या रकान्याला काही कळत नाही, एवढंच होतं. माझं त्यांना ओझं होतही असेल. ते पट्टीला नाही विचारायचं. ते इथं बसलेत."

सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा नवी उशी मांडीवर घेऊन बसले होते.

"मला इचारताय व्हय? मला वाटलं मानंलाच तिकीट काढताय पुण्याचं."

"सांगा ना आप्पा," अभिनंदन म्हणाला. "तिकडं बरं वाटलं होतं की नाही?"

"वाटलं की. तुझा सोफा लई मऊ. उठाय नको, बसाय नको. दिवाळीनंतर येतो चार दिवस. पण कायम न्हाई, बाळा. हात चालतोय तोवर मला पाट पायजे."

"आणि मी?" त्रिशलाचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "माझं भ्या वाटतं?"

"वाटतं."

आप्पांनी उशीची शिवण चिमटीत धरायचा प्रयत्न केला, सोडला.

"का वाटू नये? दारात आलीस की हनुवटी, खांदे. शाळंतला मास्तर बरा. कधी वाटतं, आजच्या दिवस उशिरा यावी. पण गावातली माणसं तुझ्याकडं मान दाखवाय येत्यात. माझ्या पाटावर बी येत्यात. तुझा सासराच वाकडा बसलेला बघितला तर तुझ्याकडं कोण यील? फाटक वाजलं की म्हणायचं, देवगोंडा, ताठ हो, डॉक्टरीण आली." त्यांनी श्वास घेतला. "आन् महिना झाला, फाटकच वाजंना. म्हटलं, काय चुकलं आपलं? बोलली बी न्हाईस."

त्रिशलानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. आप्पांनी डाव्या हातानं थांबवलं.

"चपला कुठं गेल्या तुझ्या?"

"बाहेर काढते."

"कशापायी? वाजवत येत जा. मला कळाय नको?"

अभिनंदननं उशी इथेच ठेवली. जाताना त्यानं सुतारासाठी एक चित्र काढून दिलं. कडा उचललेलं उंच टेबल, खाली अर्धचंद्राची खाच, चामडं अडकवायला हूक. आप्पांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "कीस उडाला तर तुझ्या पगारातनं," म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला निघायच्या आधी त्रिशलानं शकुंतलाबाईंना फोन लावला. ते हिरवं सोफ्याचं होतं आणि ते लाल बाकाचं होतं, हे समजावून सांगायला बराच वेळ लागला. मग पलीकडून श्रुतिकाचा आवाज आला. आईच्या हातून फोन काढून घेतला असावा. "डॉक्टर, म्हणजे रेंदाळचं पुन्हा विचारायला हरकत नाही?"

"ते मला विचारू नकोस. तुला काय वाटतं?"

"मला तेव्हाच वाटत होतं," ती म्हणाली. "पण मला कोण विचारतंय?"

कंपनीला त्रिशलानं आलेखांसह सगळं कळवलं. उत्तर नम्र आलं. पुढच्या सुधारणेत रकान्याच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक सूचना आली. रकाना राहिला. तो लोकप्रिय होता.

एमआरआयमध्ये जे दिसलं ते तिच्या अंदाजाप्रमाणेच होतं. सर्जननं सहा आठवडे थांबायला सांगितलं. मान हलकेच ओढायचं यंत्र, नस मोकळी करायचे हाताचे व्यायाम, उताणं झोपून हनुवटी. उंच टेबल आलं. पाचव्या आठवड्यात आप्पांनी चिमट्यात घुंगरू धरलं आणि ते पडलं नाही. मनगटाची ताकद पुरती परत आली नव्हती. ती येईल की नाही, हे त्रिशलानं कोणालाच खात्रीनं सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं फाटक खणखणून उघडलं. चपला फटफट वाजवत सोप्यातून गेली. आप्पा टेबलाशी बसले होते, कणा ओळंब्यासारखा, हनुवटी आत. फोन तिच्या पिशवीतच होता. ती काही बोलली नाही. दारावरून पुढे गेली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबली आणि हळूच मागे वाकून पाहिलं. आप्पांची मान पुढे निघाली होती, खाली उतरत होती.

ती वळली आणि चपला वाजवत पुन्हा त्या दारावरून गेली.